वाणाचे तीस टॉवेल: शिवणाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

काम: संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी स्वयंपाकघरात वापरायचे सुती टॉवेल. नग तीस. संक्रांत १४ जानेवारीला, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. हळदीकुंकू मधल्या एखाद्या रविवारी. नोकरी सांभाळून होण्यासारखं काम आहे, फक्त कापडाचा निर्णय लवकर व्हायला हवा.

प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, साबणदाण्या, आरसे, पर्सा हे सगळं वाण म्हणून देऊन झालंय आणि घेऊनही झालंय. आमच्या कॉलनीत एक निळी साबणदाणी निदान तीन घरं फिरून आली असावी असा माझा दाट संशय आहे. वापरात येत नाही ते वाण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जातं. ओल्या हाताला आणि धुतलेल्या ताटाला कापड मात्र रोज लागतं. आणि बहुतेक घरांत ते काम जुन्या बनियनचा नाहीतर फाटक्या परकराचा तुकडा करतो.

घरातली वापरातली फडकी मोजली. सगळ्यात सोयीचं निघालं ते साधारण १७ बाय २७ इंचांचं. याहून लहान असेल तर कुकरचं झाकण पुसतानाच भिजून जातं, मोठं असेल तर ओट्यावर लोळतं. हेच माप धरते.

११ डिसेंबर, बुधवार

नमुने गोळा केले: मांजरपाट, दोसुती, पंचाचं कापड, पॉपलीन आणि टर्किश टॉवेलचा तुकडा. प्रत्येकावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला आणि पाहत बसले.

टर्किशने थेंब लगेच ओढला, पंचानेही. पॉपलीनवर थेंब मोत्यासारखा बसून राहिला. दोसुती आणि मांजरपाट दोन्ही कोरे होते, त्यांनीही पाणी घ्यायला बराच वेळ लावला. यावरून त्यांना बाद करायचं नाही. कोऱ्या कापडात खळ असते. मागावर ताण्याचे उभे धागे सतत घासतात आणि तुटतात, म्हणून त्यांना आधी पेज पाजतात. यालाच सायझिंग म्हणतात, आणि इचलकरंजीत त्याचे वेगळे कारखानेच आहेत. ती खळ निघाल्याशिवाय कापडाची परीक्षा करण्यात अर्थ नाही. तुकडे गरम पाण्यात सोडा घालून धुतले, वाळवले आणि पुन्हा थेंब सोडला. दोसुतीने तो पंचाच्या बरोबरीने ओढला. पॉपलीन सुधारलं, पण फार नाही. त्याची वीण इतकी घट्ट आहे की पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही.

टर्किश पाणी सगळ्यात जास्त घेतो, तरी तो नको. त्याचे फासे बांगडीत अडकतात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात जाड टर्किश दोन दिवस वाळत नाही, वास धरतो. न्हाणीघरात तो हवाच, तिथे सोलापूरला तोड नाही. ओट्याजवळ मात्र पटकन वाळणारं कापड पाहिजे. पंचा सगळ्यात मऊ, पण ताट पुसता पुसता त्याचा बोळा होतो, हाताला काही पकड राहत नाही.

दोसुती नक्की. दोन-दोन सुतं जोडीने विणलेली असल्यामुळे ती जाडसर असते, तरी वीण सैल. काचेच्या पेल्यावर धाग्याचं कूस राहतं का तेही पाहिलं. दोन धुण्यांनंतर राहत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

इचलकरंजीला जाऊन कापड आणलं. कोल्हापुरातही मिळतं, पण तिथे निवड जास्त आणि भावात फरक पडतो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला, नारायणराव घोरपडे जहागीरदारांनी धंद्याला पाठबळ दिलं आणि गावाचं नशीब पालटलं. आजही एखाद्या गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट आधी कानावर येतो आणि दुकान मागाहून दिसतं.

हिशोब घरूनच करून गेले होते. ३६ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, दोन टॉवेल शेजारी शेजारी बसतात. एका जोडीला २८ इंच लांबी, पंधरा जोड्यांना ४२० इंच, म्हणजे पावणेअकरा मीटरच्या आत. त्यावर आकसण्यासाठी धरून १२ मीटर घेतलं.

दुकानदाराने विचारलं, "ताई, कशाला पायजे? भरतकामाला का पुसायला?" पुसायला म्हटल्यावर त्यांनी समोरचा गुळगुळीत तागा बाजूला सारला आणि मागचा खरबरीत काढला. "ह्यात पॉलिस्टर न्हाई. जाळून बघा पायजे तर." खरंच जाळून पाहिलं. कडेचा उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळे ओढून घेतले, कारण मिश्र कापडात बऱ्याचदा एकच धागा कृत्रिम असतो. दोन्हींना कागद जळाल्याचा वास आला आणि बोटात चुरली जाणारी राखाडी राख उरली. कृत्रिम धागा वितळून त्याची काळी टणक गाठ झाली असती.

कापड त्यांनी कापलं नाही, फाडलं. कडेला कात्रीने जरा चिरलं आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढलं. सुती कापड आडव्या धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे टोक सरळ मिळतं. मीटरपट्टी धरून कात्रीने कापणारा दुकानदार तिरकं देऊ शकतो. फाडणाऱ्याला तशी सोयच नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं. सकाळी पाणी ताकासारखं पांढरट. ते टाकून कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर ठेवलं आणि खळबळून काढलं. मग दोनदा साधं पाणी.

खळ गेली की नाही ते बघायला घरातलं आयोडीन वापरलं, जखमेला लावतो ते पोव्हिडोन आयोडीन. खळीत स्टार्च असतो आणि स्टार्चवर आयोडीन निळंकाळं होतं, हे शाळेत बटाट्यावर सगळ्यांनीच केलेलं असतं. धुण्याआधी ठेवलेल्या चिंधीवर थेंब टाकला तो क्षणात काळानिळा झाला. नुसत्या भिजवलेल्या तुकड्यावर जांभळट छटा आली. सोड्याच्या पाण्यातून काढलेल्यावर आयोडीनचा आपला तपकिरी डाग, बाकी काही नाही. म्हणजे रात्रभर भिजवून खळ पुरती जात नाही, गरम पाणी हवंच. गिरण्यांत हेच काम विकरं (एन्झाइम) घालून करतात, तीच जातकुळी जी आपल्या लाळेत असते आणि जिच्यामुळे भाकरी चावताना गोड लागते.

हे दाखवायला मुलाला हाक मारली. त्याने "माहितेय" एवढंच म्हणून आयोडीनची बाटली पळवली आणि पोळीवर प्रयोग सुरू केले.

१८ डिसेंबर, बुधवार

वाळल्यावर मोजणी. घेतलेले ४७२ इंच आता ४४८ भरले. पन्हा ३६ चा ३५ झाला. लांबीत पाच टक्के आणि रुंदीत तीनेक टक्के आकसलं. उभे धागे मागावर ताणून धरलेले असतात. भिजल्यावर तो ताण सुटतो, म्हणून लांबीला जास्त फटका बसतो. बाजारातले स्वस्त हातपुसणे पहिल्या धुण्यात वेडेवाकडे होतात ते याचमुळे. कापड आधी धुवायला वेळ जातो, पाणी जातं, आणि गिऱ्हाइकाला दुकानात कडक, चकचकीत कापडच आवडतं. कोण कशाला धुवेल?

आता एक टॉवेल साडेसतरा बाय २८ चा. ४२० इंच लागणार, २८ उरतात. म्हणजे नेमकी आणखी एक जोडी.

२१ डिसेंबर, शनिवार

कटिंग. प्रत्येक २८ इंचावर किनारीला जराशी खूण, तिथला एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढायचा. धागा निघाला की कापडात एक बारीक वाट दिसते, तिच्यावरून कात्री. दोसुतीत जोडीतले दोन्ही धागे ओढावे लागतात. फाडून पटकन झालं असतं, पण फाडलेल्या कडेचे धागे लांबवर सुटतात आणि दुमडताना त्रास देतात. दुकानात १२ मीटरचं एकच टोक होतं, इथे तीसहून जास्त आहेत.

मधून उभं कापल्यावर प्रत्येक तुकड्याला एका लांब बाजूला कापडाची मूळ किनार येते. ती सुटत नाही, तिला दुमड नको. उरल्या तीन बाजू. एक लांब बाजू शिवायची वाचली, शिवाय जाडी वाचली, वाळायलाही तेवढं हलकं.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी, म्हणून आज मशीन. दुमड आधी पाव इंच, मग अर्धा इंच. बाजूला पाऊण इंच जातं. तयार माप साडेसव्वीस बाय पावणेसतरा. सोळा नंबरची सुई घातली, चौदाची दुमडीवर अडखळत होती. टीप दुमडीच्या आतल्या कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) अलीकडे, इंचाला दहा टाके. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप, कारण हा कपडा रोज पिळला जाणार आहे.

खरी डोकेदुखी कोपरे. दुमडीत कापडाचे तीन पदर होतात. दोन दुमडी एकमेकींवर आल्या की नऊ. दोसुतीचे नऊ पदर म्हणजे आमच्या काळ्या पायमशीनची सत्त्वपरीक्षा. पाय चढतो, टाके एकाच जागी जमतात, दोरा तुटतो. उपाय जुनाच आहे: इस्त्रीने दोन्ही बाजूंच्या घड्या पाडून घ्यायच्या, उलगडायच्या, कोपरा आत तिरका मोडायचा, टोकाचा त्रिकोण पाव इंच ठेवून कापून टाकायचा आणि मग दोन्ही दुमडी भिडवायच्या. कोपऱ्यावर ४५ अंशांची शिवण दिसते, पदर निम्म्याहून कमी राहतात. किनारीच्या बाजूचे दोन कोपरे तर आपोआप पातळ. प्रत्येक टॉवेलला असे कारागिरीचे कोपरे दोनच.

इस्त्रीशिवाय हे काम करू नये. टाचण्या लावत बसण्यापेक्षा कापडावर पाणी शिंपडून कडक घडी पाडलेली बरी. घडी पडली की कापड तसंच राहतं, मशीनखाली फक्त सरकवायचं.

२८ डिसेंबर, शनिवार

जाऊबाई सकाळी आल्या आणि पांढऱ्या टॉवेलांचा ढीग बघून म्हणाल्या, "ताई, हे काय हॉस्पिटलसारखं! खाली खणाची पट्टी लावूया ना, कसलं भारी दिसेल." खणाचे तुकडे घेऊनच आल्या होत्या. दिसेल भारी, यात वाद नाही.

तुकड्याचा आडवा धागा जाळला, त्याची गाठ झाली. मग लाल तुकडा गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीवर दाबून ठेवला, तासाभरात चिंधी गुलाबी. वर दोसुती धुऊन आकसलेली आणि खण कोरा, पुढे दोन्ही आपापल्या चालीने आकसणार आणि शिवणीपाशी चुण्या पडणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खण लावलेला टॉवेल कुणी ओट्याला लावणारच नाही. तो शोभेचा होतो, कपाटात जातो. जाऊबाईंना शेवटचं कारण पटलं, कारण त्यांच्याकडे असे दोन आहेत.

पण नुसता पांढरा त्यांना पाहवेना, आणि थोडं मलाही वाटलं. तडजोड: एका टोकापासून तीन इंचांवर धावदोऱ्याच्या दोन ओळी. भरतकामाचा सहापदरी दोरा, त्यातले तीन पदर. धावदोऱ्याने कापडाची वीण झाकली जात नाही, शोषायला अडथळा नाही. साखळी टाका किंवा भरीव फूल काढलं की तेवढी जागा पुसायला निकामी. रंग सगळ्यांना एकच, गडद निळा. दोरा आधी गरम पाण्यातून काढून पाहिला, रंग सोडत नाही. वेगवेगळे रंग मुद्दाम टाळले. एकीला लाल, दुसरीला हिरवा दिला की दारातच बदलाबदली सुरू होते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

अडकवायचा फासा. सुती पट्टी, अर्धा इंच रुंद, चार इंच लांब, मध्ये मोडून दोन्ही टोकं दुमडीत घालून चौकोनी टीप आणि आत फुली. कुठे लावायचा यावर घरात मतं खूप. कोपऱ्यात लावला तर टॉवेल तिरका आणि लांब लोंबतो, टोक थेट ओट्यावरच्या पाण्यात. आखूड बाजूच्या मध्यावर लावला तर सरळ खाली पडतो, दोन्ही अंगांना वारा लागतो. मध्यावर लावला. धावदोरा खालच्या टोकाला, फासा वरच्या.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता: "अगं, पण ज्यांच्याकडे खिळाच नाही त्यांनी काय करायचं?" रास्त आहे. नव्या फ्लॅटांत टाइल्सना भोक पाडायला कुणी देत नाही. त्यांना ट्रॉलीच्या हँडलवरून टाकता येईल, लांबी पुरते.

शिवण आता तुकड्यातुकड्यांनी चालत नाही. एकच काम सगळ्यांवर करून मग पुढचं काम, अशी रांग लावली. आज फक्त फासे. धावदोरा जाऊबाई आणि मी मिळून, संध्याकाळी टीव्हीसमोर.

७ जानेवारी, मंगळवार

यादी केली. कॉलनीतल्या, ऑफिसातल्या, कामाला येणाऱ्या मावशी, मुलाच्या शाळेच्या रिक्षातल्या इतर आया. तीस होतात.

यादीत दोन नावांवर सासूबाई क्षणभर थांबल्या. एक शेजारच्या काकू, एक ऑफिसातली मैत्रीण. दोघींचे नवरे नाहीत. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "लिही, लिही. हेरवाडात जमतं, आपल्याला जमायला काय झालं?" शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. सासूबाईंचं माहेर त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे अभिमान ठासून भरलेला. यादी जशी होती तशी राहिली.

११ जानेवारी, शनिवार

"पांढरा आहे, हळदीने आठ दिवसांत पिवळा होईल," हे आता चौघींकडून ऐकलंय. म्हणून एका जादा टॉवेलला फोडणीची हळद फासून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी धुतला. साबण लागल्याबरोबर डाग लालभडक झाला. बऱ्याच जणी इथेच घाबरतात आणि ब्लीच ओततात. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या क्षारात लाल होतं, पाण्याने साबण निघाला की परत पिवळं. घाबरायचं कारण नाही. ओलाच टॉवेल गच्चीवर उन्हात टाकला. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. संध्याकाळपर्यंत डाग फिका, दुसऱ्या उन्हात शोधावा लागला. तेलाचा भाग मात्र ऊन नेत नाही, त्याला गरम पाणी आणि साबणच.

उलट रंगीत कापड डाग लपवतं, म्हणून धुतलं जात नाही. मला पांढराच हवा होता तो यासाठी. मळलेला दिसला की माणूस धुतो.

सोबत द्यायला छोटी चिठ्ठी लिहिली, हातानेच: हळदीचा डाग उन्हात जातो; कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य यावर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी घेईनासं होतं; रंगीत कपड्यांबरोबर भिजवू नका. चौथी ओळ जाऊबाईंनी घातली: "जपून ठेवू नका, वापरा."

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. टॉवेलची तिहेरी घडी, त्यावर निळ्या दोऱ्याचा एक वेढा, चिठ्ठी आत. प्लॅस्टिकची पिशवी नाही. तिळगूळ वेगळ्या कागदाच्या पुडीत दिला. लाडूचं तूप कापडाला लागलं असतं तर पहिल्याच दिवशी डाग.

गर्दीत टॉवेलबद्दल फारसं कुणी बोललं नाही, कुणी बोलतही नाही. शिवणकाम येणाऱ्या एकीने मात्र घडी उलटून कोपरा पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढं पुरे. दोन जणी जादा आल्या, त्यामुळे राखीव जोडी कामी आली. हळदीच्या डागाचा नमुना त्यातलाच, पण तो पुरता स्वच्छ झाला होता आणि मी ते सांगूनच दिला. घेणारी म्हणाली, "म्हणजे हा टेस्टेड!"

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

जाता-येता विचारपूस करून घेतली. बऱ्याच जणींच्या ओट्याजवळ तो लटकलाय. शेजारच्या काकूंनी त्यावर भांडी उपडी घालायला सुरुवात केलीय, ताटाळ्याखाली अंथरून. हे काही माझ्या मनात नव्हतं, पण छान चाललंय. एकीने देवघरात समईखाली घातलाय. एकीने "इतका छान आहे, पाहुणे आले की काढीन" म्हणून कपाटात ठेवलाय, चिठ्ठी वाचूनही. काय बोलणार.

सगळ्यात जास्त ऐकू आलेली गोष्ट भाकरीची. तिघी-चौघींनी टॉवेल दुरडीत घालून त्यात भाकऱ्या गुंडाळायला घेतल्या. वाफ कापड घेतं, भाकरी ओलसर होत नाही. पण त्यांची तक्रारही एकच: लांबट असल्यामुळे एका बाजूला घडी जाड बसते आणि फासा मध्ये येतो. बरोबर आहे, तो त्यासाठी नव्हताच. भाकरीला चौकोनी रुमाल हवा, २२ बाय २२, फासा नाही, चारही बाजू बारीक दुमडलेल्या. दोसुतीपेक्षा पंचाचं कापड बरं, मऊ आहे आणि गुंडाळताना बोळा झाला तरी बिघडत नाही. ३६ च्या पन्ह्यात मात्र २२ चा एकच बसतो आणि बाजूला लांब पट्टी वाया जाते. ४८ इंच पन्हा मिळतो का ते इचलकरंजीला विचारायचं, आणि मार्च संपायच्या आत एक नमुना शिवून काकूंना वापरायला द्यायचा.